मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा

तिकिटावर लिहिलेलं असतं: मुंबईहून सुटणार पहाटे ४:३०, न्यूयॉर्कला उतरणार दुपारी १:४५, तारीख तीच. घरात कुणीतरी बोटं मोजून सांगतं, "सव्वानऊ तास!" कुणी अंतर शोधून त्याला ताशी ९०० किलोमीटरने भागतं आणि चौदा तास सांगतं. एजंटने पावणेवीस तास सांगितलेले असतात. आणि प्रत्यक्षात पुण्यातल्या घराला कुलूप लावल्यापासून न्यू जर्सीत लेकीच्या घरी पोचेपर्यंत बत्तीस तास जातात.

पहिला आकडा साफ चुकीचा आहे. बाकीचे तिन्ही (चौदाचा जरा ढोबळच) आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त लोक एकाच्या जागी दुसरा वापरतात. मग कनेक्टिंग फ्लाइट हुकते, टॅक्सी चुकीच्या रात्री येते, आणि गोळ्या हँडबॅगेऐवजी चेक-इनच्या बॅगेत जातात. म्हणून हिशोब खालच्या क्रमानेच करा. उदाहरणातलं वेळापत्रक नमुन्याचं आहे. त्या जागी तुमच्या तिकिटावरच्या वेळा घाला.

## आधी हाताशी काय घ्यायचं

मूळ ई-तिकीट घ्या, व्हॉट्सॲपवर आलेला स्क्रीनशॉट नको. स्क्रीनशॉटमध्ये नेमक्या तीन गोष्टी कापल्या जातात: टर्मिनल, विमान खरं कोणती कंपनी उडवणार आहे ती ओळ, आणि पोचण्याच्या वेळेशेजारचं बारीक "+१". हे "+१" म्हणजे दुसऱ्या दिवशी.

एक कोरा कागद घेऊन त्यावर तीन रकाने आखा: घटना, तिथली वेळ, भारतीय वेळ. मोबाइलमधलं ॲप हे सगळं करून देतं, मान्य. पण ॲपचं उत्तर चुकलं की बरोबर, हे कळायला एकदा हाताने केलेलं बरं. शिवाय प्रवासात आई-बाबांच्या खिशात हा कागदच जाणार आहे.

## पायरी १: विमानतळ नक्की कोणता?

शहराच्या नावावर जाऊ नका, तीन अक्षरी कोड बघा. मुंबईचा सहारचा विमानतळ म्हणजे बीओएम. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी सुरू झाला, त्याचा कोड एनएमआय. नागपूरहून येऊन मुंबईतून अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी इथेच सापळा आहे. स्वस्त दिसलं म्हणून नागपूर–नवी मुंबई तिकीट काढायचं आणि पुढचं विमान सहारच्या टी-२ वरून, असं झालं तर सामान घेऊन मधलं अख्खं शहर ओलांडावं लागतं. गोव्यातही तेच: दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स.

पलीकडे न्यूयॉर्कला जेएफके, नेवार्क (ईडब्ल्यूआर) आणि प्रामुख्याने देशांतर्गत उड्डाणांचा लागार्डिया (एलजीए) असे तीन. नेवार्क खरं तर न्यू जर्सी राज्यात आहे. मुलं तिथल्या एडिसनला राहत असतील तर नेवार्क जवळ पडतो. जेएफकेहून एडिसनला जायचं म्हणजे पूल, टोल आणि न्यूयॉर्कची वाहतूक. तिकीट थोडं महाग असलं तरी मी नेवार्कच निवडेन.

तपासा: प्रत्येक टप्प्याचा उतरण्याचा कोड आणि पुढच्या टप्प्याचा सुटण्याचा कोड एकच आहे ना? नसेल तर इथेच थांबा आणि तिकीट बदला.

## पायरी २: अंतर गोलावर मोजा, सपाट नकाशावर नाही

भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडले तर रेघ अरबस्तान, सहारा आणि अटलांटिकवरून जाते. विमान तसं जात नाही. पृथ्वीच्या गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग, म्हणजे बृहद्वृत्त, मुंबईहून वायव्येला वर चढतो: सिंध, बलुचिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मॉस्कोच्या पूर्वेकडून फिनलंडचं आखात, मग स्वीडन, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली न्यूयॉर्क. खोटं वाटलं तर मुलांच्या टेबलावरच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा.

या मार्गाने मुंबई–जेएफके अंतर साधारण १२,५०० किलोमीटर आहे. होकायंत्राची एकच दिशा धरून गेलं तर ते १४,२०० किलोमीटरच्या आसपास भरतं. म्हणजे चुकीच्या रेघेने सतराशे किलोमीटर आणि दोन तास वाढतात.

अंतर काढायला ग्रेट सर्कल मॅपर या संकेतस्थळावर दोन्ही कोड टाका, किंवा गूगल अर्थमध्ये दोन विमानतळांमधलं अंतर मोजा. "दोन शहरांमधलं अंतर" सांगणारी बरीच पानं शहराच्या मध्यापासून मोजतात. इतक्या लांब तो फरक किरकोळ, पण कमी अंतरावर जाणवतो.

सावधान, एकक बघा. विमानवाले सागरी मैल वापरतात (१ सागरी मैल = १.८५२ किमी), अमेरिकेतली पानं साधे मैल (१ मैल = १.६०९ किमी). त्यामुळे हेच अंतर कुठे ६,७६० दिसेल, कुठे ७,७९०, कुठे १२,५३०. तिन्ही बरोबर. ६,७६० ला किलोमीटर समजून पुढे गेलात की उत्तर जवळजवळ निम्म्यावर येतं.

आता या पायरीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बृहद्वृत्ताचं अंतर ही किमान मर्यादा आहे. प्रत्यक्ष उड्डाण त्याहून लांबच असतं. वादळं आणि ठरलेले हवाई मार्ग हे नेहमीचं कारण. मोठं कारण म्हणजे बंद हवाई हद्द. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हा उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना वळसा पडला आणि काहींना वाटेत इंधनासाठी उतरावं लागलं. रशियाने २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय संघातल्या कंपन्यांना हद्द बंद केली आहे. म्हणजे विमानतळ तेच दोन, पण कंपनी कोणत्या देशाची यावर मार्ग आणि तास बदलतात. मागच्या वर्षी शेजाऱ्यांना किती वेळ लागला हे म्हणूनच फारसं उपयोगाचं नाही.

## पायरी ३: अंतरावरून विमानातला वेळ

लांब पल्ल्याची मोठी विमानं ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात. पण थेट ९०० ने भागू नका. चढण्या-उतरण्यात वेग कमी असतो आणि वारा असतोच. घरगुती हिशोबासाठी हे पुरतं:

किलोमीटर ÷ ८५० = तास, त्यात अर्धा तास मिळवा.

१२,५३० ÷ ८५० म्हणजे पावणेपंधरा तासांच्या जवळ. अर्धा तास मिळवून सव्वापंधरा. हा अंदाज झाला.

जाताना आणि येताना तो सारखा लागू होत नाही. ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोराचा वारा असतो, जेट स्ट्रीम. अमेरिकेला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीमागून. हिवाळ्यात त्याचा जोर जास्त. ताशी २०० किलोमीटरच्या पुढेही जातो. म्हणून जाण्यापेक्षा येणं साधारण तासा-दीड तासाने कमी असतं. जाण्याचा वेळ दुप्पट करून "येण्या-जाण्याचे इतके" असं सांगू नका.

तिकिटावरचा वेळ आणि हवेतला वेळ यांतही फरक असतो. तिकिटावरचा वेळ विमान गेटपासून हललं की सुरू होतो आणि पलीकडच्या गेटला लागलं की संपतो. धावपट्टीच्या रांगेतली वीस-पंचवीस मिनिटं त्यात धरलेली असतात. त्यामुळे वैमानिकाने "आपला उड्डाणाचा वेळ साडेतेरा तास" असं सांगितलं आणि तिकिटावर सव्वाचौदा असले, तर कोणी खोटं बोलत नाही.

तपासा: फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर तुमच्या फ्लाइटचा क्रमांक टाका आणि मागच्या आठवड्यातली प्रत्यक्ष उड्डाणं बघा. रोजच तासभर उशिरा पोचणारी फ्लाइट असेल तर पायरी ५ मध्ये तो तास धरा.

सावधान: "डायरेक्ट" आणि "नॉनस्टॉप" एक नाही. डायरेक्टमध्ये फ्लाइटचा क्रमांक तोच राहतो, पण विमान मध्ये उतरू शकतं. तिकीट काढताना "किती थांबे" हा आकडा शून्य आहे का ते बघा.

## पायरी ४: सगळ्या वेळा एका घड्याळात आणा

बहुतेक चुका इथे होतात. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. दोन गावांच्या वेळांची वजाबाकी करून काहीच कळत नाही. आधी सगळं भारतीय वेळेत बदला, मग वजाबाकी करा.

भारताच्या तुलनेत:

- दुबई: दीड तास मागे, वर्षभर
- दोहा: अडीच तास मागे, वर्षभर
- लंडन: हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार
- न्यूयॉर्क: हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ
- सॅन फ्रान्सिस्को: हिवाळ्यात साडेतेरा तास मागे, उन्हाळ्यात साडेबारा
- सिडनी: ऑक्टोबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत साडेपाच तास पुढे, एरवी साडेचार

अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. ब्रिटन आणि युरोपात हेच मार्चच्या शेवटच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. तारखा वेगळ्या असल्याने मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरीस आठवडाभर लंडन–न्यूयॉर्क फरकच बदललेला असतो. त्या दिवसांत लंडनमार्गे प्रवास असेल तर पाठ असलेले आकडे वापरू नका. जाणं फेब्रुवारीत आणि परत येणं एप्रिलमध्ये असेल, तर दोन्ही वेळा वेगळा फरक लागतो हेही ध्यानात असू द्या.

आपलं उदाहरण, १५ जानेवारी, दुबईमार्गे:

- मुंबई सुटणार: तिथली वेळ ४:३०. भारतीय वेळ १५ ला ४:३०
- दुबई उतरणार: तिथली वेळ ६:१५. भारतीय वेळ ७:४५
- दुबई सुटणार: तिथली वेळ ८:३०. भारतीय वेळ १०:००
- न्यूयॉर्क उतरणार: तिथली वेळ १३:४५. भारतीय वेळ १६ जानेवारी ०:१५

१५ च्या ४:३० पासून १६ च्या ०:१५ पर्यंत एकोणीस तास पंचेचाळीस मिनिटं. तुकडे जोडून पडताळा घ्या: ३:१५ विमानात, २:१५ दुबईत, १४:१५ विमानात. बेरीज तीच. जुळली नाही तर बहुतेक वेळा अर्धा तास कुठेतरी सुटलेला असतो. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या (जीएमटी) साडेपाच तास पुढे आहे, त्यातला तो "साडे" लोक हमखास विसरतात.

सावधान, मध्यरात्रीची तारीख. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं रात्री बारा ते पहाटे पाचच्या दरम्यान सुटतात. "१५ जानेवारी, ००:४०" म्हणजे १४ तारखेची रात्र. घरून निघायचं १४ ला, जेवणही १४ चंच. १५ तारखेच्या रात्री सामान घेऊन टी-२ च्या दारात पोचलेली कुटुंबं असतात, आणि सीआयएसएफचा जवान तिकीट बघून शांतपणे सांगतो की तुमचं विमान काल गेलं. कागदावर तारखेसोबत वारही लिहा: "बुधवारी रात्री निघणं, गुरुवारी पहाटे विमान". वार लिहिला की ही चूक सहसा होत नाही.

रक्तदाब, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर हाच कागद डॉक्टरांना दाखवून कोणता डोस कधी ते लिहून घ्या. भारतीय वेळेचा रकाना तिथे कामाला येतो. औषधं हँडबॅगेत, चिठ्ठीसह.

## पायरी ५: मधला थांबा खरा किती?

सव्वादोन तासांचा थांबा म्हणजे सव्वादोन तास हातात, असं नसतं. उतरायला पंधरा-वीस मिनिटं, पुन्हा सुरक्षा तपासणी, आणि पुढच्या विमानाचं गेट सुटण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधीच बंद. हातात उरतो दीड तास, तोही पहिलं विमान वेळेवर आलं तर.

सगळे टप्पे एकाच पीएनआरवर असतील तर पुढचं विमान हुकल्यावर दुसऱ्या विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी असते, आणि सामानही सहसा थेट पुढे जातं. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर सामान काढून पुन्हा चेक-इन करावं लागू शकतं, त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो, आणि विमान हुकलं तर नवं तिकीट आपल्या खिशातून. चार-पाच हजार रुपये वाचतात म्हणून ज्येष्ठांना वेगवेगळ्या तिकिटांवर पाठवणं मला अजिबात पटत नाही.

अमेरिकेत आणखी एक नियम आहे. देशात जिथे पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशन होतं, चेक-इनचं सामान पट्ट्यावरून घ्यावं लागतं, कस्टम पार करून ते पुन्हा जमा करावं लागतं. तिकीट पुढे शार्लट किंवा ऑस्टिनपर्यंतचं असलं तरीही. त्यामुळे अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर तीन तासांहून कमी थांबा घेऊ नका. एक अपवाद अबू धाबीचा: तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात बसण्याआधीच होतं आणि अमेरिकेत तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे उतरता. पण मग अबू धाबीतच जास्त वेळ हवा.

व्हीलचेअर मागितली असेल तर ती तिकीट काढतानाच नोंदवा. उतरल्यावर मदतनीस येईपर्यंत विमानात बसून राहावं लागतं, बाकीचे निघून जातात. पुढे मदतनीस रांगांतून लवकर नेतो, पण एका मदतनिसाकडे दोन-तीन प्रवासी असतात. अशा वेळी मधला थांबा तीन तासांचा तरी ठेवा.

तपासा: ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे वाटेतल्या देशात थांबण्याचा व्हिसा, लागतो का? हे नियम देशागणिक वेगळे असतात आणि बदलतात. कंपनीच्या संकेतस्थळावर तिकिटाचे पैसे भरण्याआधी बघा, नंतर नाही.

## पायरी ६: घर ते घर

आता उलट्या दिशेने मोजा. विमान ४:३० ला. आंतरराष्ट्रीय चेक-इनची खिडकी बहुतेक कंपन्या तासभर आधी बंद करतात. रात्री एक ते तीन ही टी-२ वरच्या गर्दीची वेळ, म्हणून एक वाजता तिथे पोचायचं. पुण्याहून सुमारे १५० किलोमीटर, एरवी चार तास. पावसाळ्यात किंवा जोडसुट्टीला बोरघाटात काय होतं ते सांगायला नको. दीड तास राखीव धरून १४ तारखेला संध्याकाळी ७:३० ला निघायचं.

पलीकडे: १३:४५ ला उतरणं, इमिग्रेशन आणि सामान मिळून दोन तास, एडिसनपर्यंत दीड तास. घरी संध्याकाळी ५:१५. १४ च्या ७:३० पासून १५ च्या ५:१५ पर्यंत घड्याळात पावणेबावीस तास दिसतात. त्यात साडेदहा मिळवा. सव्वाबत्तीस तास.

डबा, गोळ्या, मोबाइलचं चार्जिंग, दुसऱ्या दिवशी जावयाने ठरवलेला कार्यक्रम, हे सगळं या सव्वाबत्तीसच्या हिशोबाने ठरवा. पोचल्या दिवशी संध्याकाळी पूजा-जेवणावळ ठेवू नका. पाहुण्यांच्या शरीराला तेव्हा पहाटेचे पावणेचार वाजलेले असतात.

## पायरी ७: परतीचा हिशोब नव्याने

जाण्याचा कागद उलटा वाचून परतीचा होत नाही. नमुना (वेगळ्या प्रवासाचा): न्यूयॉर्क १४ जानेवारी रात्री २३:०० (भारतीय वेळ १५ ला सकाळी ९:३०), दुबई १५ ला २०:३० (भारतीय वेळ २२:००), दुबईहून २२:२५ (भारतीय वेळ २३:५५), मुंबई १६ ला पहाटे ३:००. एकूण साडेसतरा तास, जाण्यापेक्षा सव्वादोन तास कमी. त्यातली वीस मिनिटं दुबईच्या आखूड थांब्याची, बाकी जवळजवळ सगळी वाऱ्याची. आणि तारखा मात्र दोनने पुढे: १४ ला निघून १६ ला.

घ्यायला येणाऱ्याचा गोंधळ नेमका इथे होतो. "पंधराच्या रात्री येतोय" म्हणावं तर तो पंधराला रात्री नऊला येऊन उभा राहतो; "सोळाला तीनला" म्हणावं तर दुपारी तीनला. म्हणून ड्रायव्हरला असा निरोप पाठवा आणि त्याच्याकडून तो परत म्हणवून घ्या:

"दादा, विमान मुंबईत शुक्रवारी १६ तारखेला पहाटे ३ ला उतरतंय. म्हणजे गुरुवारी रात्रीचं जेवण करून पुण्याहून साडेअकराला निघा. टी-२, सहार. नवी मुंबई नाही. आम्ही बाहेर यायला सव्वाचार होतील, त्याआधी पार्किंगमध्ये गाडी घालू नका."